भुसावळ : रुळांनी वसविलेले शहर

शहर पाहावयाचे म्हणजे प्रथम किल्ला, राजवाडा, वेस यांचा शोध घ्यावयाचा, हा जो आपल्या पर्यटकांचा परिपाठ आहे, तो भुसावळास मुळीच लागू पडत नाही. कारण तापीकाठच्या या लहानशा गावाचे जे नगर झाले, ते कोणा सुभेदाराच्या अमलाने नव्हे, तर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने येथे टाकलेल्या रुळांनी झाले.

मुंबईहून थळ घाट चढून आलेला लोहमार्ग येथे दुभंगतो : एक फाटा अकोल्यावरून नागपुरास जातो, तर दुसरा तापी ओलांडून खांडवा-इटारसीमार्गे जबलपुराकडे वळतो. पहिला १८६७ साली नागपुरास पोहोचला. दुसरा १८७० साली पूर्ण झाला आणि मुंबई-कलकत्ता हा प्रवास अखंड आगगाडीने शक्य झाला. जूल व्हर्नच्या कादंबरीतील फिलियस फॉग याच मार्गाने खानदेशचा मुलूख ओलांडतो. भुसावळात मात्र लेखकाने त्यास उतरविले नाही, याचे आम्हांस किंचित वैषम्य वाटते!

म्हणून माझी शिफारस अशी, की जंक्शनाच्या पादचारी पुलावर निवांत उभे राहून गाड्यांची ये-जा न्याहाळावी, मग रेल्वेच्या वसाहतीतून फिरावे, आणि तेथून तापीकडे वळावे. हे सारे उन्हाळ्यात करावयाचे तर सकाळीच. मे महिन्यात येथील पारा पंचेचाळिसाच्याही वर चढतो. सवड असल्यास तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवाचे प्राचीन मंदिरही पाहून यावे. हिवाळ्यात गेलात, तर भरीत-कळण्याच्या भाकरीवाचून परतू नका.