बोट कलली? वजन हलवण्याआधी हे पाहा

मालवण-तारकर्लीपासून मांडव्यापर्यंत आणि गोव्यातल्या मांडवी नदीतही फायबरच्या मोटरबोटी आता रुळल्या आहेत. बोट एका अंगाला कलू लागली की एकच सल्ला ऐकू येतो, "दोघं जण पलीकडे सरका." कधी तो लागू पडतो, कधी काहीच फरक पडत नाही आणि एखाद्या वेळी तोच घात करतो. बोट कलण्याची कारणे अनेक आहेत आणि माणसे सरकवणे हा त्यांतल्या एखाद्याच कारणावरचा उपाय आहे. कारण ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. बोट कधी कलते आणि कोणत्या बाजूला कलते, एवढे नीट पाहावे लागते.

गैरसमज : बोट कलते म्हणजे वजनाची वाटणी चुकली.

वस्तुस्थिती : हे खरे की नाही, ते धक्क्यालाच कळते. वारा पडलेला असताना इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि रिकामी बोट पाण्यावर पाहा. तेव्हाही एक बाजू खाली असेल, तर दोष सामानाच्या वजनाचा किंवा आत साचलेल्या पाण्याचा. बॅटऱ्या, नांगर आणि त्याची साखळी, बर्फाची पेटी, डायव्हिंगची सिलिंडरे हळूहळू एकाच बाजूला जमत जातात आणि रोजच्या वापरात ते ध्यानात येत नाही. इंधनाचे वजनही विसरले जाते. 100 लिटर पेट्रोल जवळपास 75 किलोंचे असते. टाकी एका बाजूला असेल आणि ती भरल्यावर कल वाढत, रिकामी होताना कमी होत असेल, तर शोध तिथेच संपला. पण बोट उभी असताना सरळ आणि धावताना तिरकी असेल, तर सामान इकडून तिकडे ठेवण्यात वेळ घालवू नये. तिथे कारण पंखा, तळ किंवा वारा यांत शोधावे लागते.

गैरसमज : वेग देताच बोट डावीकडे कलते, म्हणजे इंजिन तिरके बसवले आहे.

वस्तुस्थिती : एकच इंजिन असलेल्या बहुतेक बोटींचा पंखा मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पाण्याला त्या दिशेने पीळ देताना त्याची प्रतिक्रिया बोटीवर उलट दिशेने येते आणि डावी बाजू खाली दबते. बोट हलकी आणि अरुंद, त्यात इंजिन ताकदवान असेल, तर हा कल ठळक दिसतो. वेग कमी केल्यावर तो ओसरला, तर इंजिन खोलायची गरज नाही. पुष्कळ छोट्या बोटींमध्ये चालकाची जागा उजवीकडे असते. त्याच्या वजनाने हा कल थोडाफार सावरला जातो. दोन इंजिनांच्या बोटीत पंखे परस्परविरुद्ध दिशांना फिरणारे असले, तर दोन्ही पीळ एकमेकांना मारून टाकतात.

गैरसमज : पंख्यावरची छोटी पट्टी फिरवली की कल जातो.

वस्तुस्थिती : आउटबोर्ड इंजिनाला पंख्याच्या वरच्या अंगाला एक लहानशी पट्टी असते. स्टिअरिंग सतत एका बाजूला ओढत असेल, तर ती ओढ कमी करण्यासाठी तिचा उपयोग. बोटीचा कल काढणे हे तिचे काम नाही. त्यासाठी बोटीच्या मागच्या फळीवर दोन बाजूंना बसवलेले ट्रिम टॅब असतात. जी बाजू खाली आहे, तिच्याच मागचा टॅब खाली करायचा म्हणजे धावते पाणी ती बाजू उचलते. गोंधळ होतो तो बटणांवर. काही बोटींत बटणावरची खूण टॅब कुठला हलेल ते सांगत नाही, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, कोणती बाजू खाली जाईल ते सांगते. म्हणून डावे बटण दाबल्यावर उजवा टॅब खाली जाऊ शकतो. हे धक्क्याला एकदा पाहून ठेवावे. टॅब पाण्याच्या वेगावरच चालतात, त्यामुळे उभ्या बोटीचा कल त्यांनी निघत नाही.

गैरसमज : वारा ढकलेल त्या बाजूला बोट कलते.

वस्तुस्थिती : शिडाच्या होडीबाबत हे खरे आहे. खोल व्ही आकाराच्या तळाची मोटरबोट वेगात धावताना मात्र वाऱ्याच्याच अंगाला कलते. वारा नाळेला बाजूला लोटतो आणि दिशा राखण्यासाठी चालक नकळत वाऱ्याकडे स्टिअरिंग वळवून धरतो. त्यामुळे पंख्याचा जोर खालून आणि तिरका लागतो आणि मोटारसायकल वळणात आत झुकते तशी बोट वाऱ्याकडे झुकते. हा तळ अमेरिकेतल्या रेमंड हंट यांच्या आराखड्यांतून पुढे आला. 1960 साली मायामी ते नासाऊ शर्यत रिचर्ड बर्ट्रम यांच्या 'मॉपी' या अशाच बोटीने जिंकली आणि या तळाचे नाव झाले. तो लाटा छान कापतो, पण सपाट तळापेक्षा चटकन कलतो. कोकणात उन्हाळ्याच्या दुपारी वारा वायव्येकडून येतो. मालवणहून देवगडकडे जाताना बोट डावीकडे, समुद्राच्या अंगाला कलली आणि परतताना उजवीकडे कलली, तर कारण वारा. तिथे वाऱ्याच्या बाजूचा टॅब थोडा खाली करणे एवढाच उपाय आहे.

गैरसमज : तळात थोडे पाणी असायचेच.

वस्तुस्थिती : दोन चौरस मीटर जागेत दहा सेंटिमीटर पाणी साचले, तर ते 200 किलो होते, आणि ते जागेवर थांबत नाही. बोट जिकडे कलेल तिकडे ते धावते आणि कल आणखी वाढवते. म्हणून एका जागी घट्ट बांधलेल्या तेवढ्याच वजनापेक्षा ते कितीतरी घातक. जुन्या बोटींत फरशीखालचा फोम वर्षानुवर्षे पाणी पितो. वरून सगळे कोरडे दिसते, पंपातून काही येत नाही आणि बोट मात्र एका अंगाला बसलेली असते. ट्रेलरसह वजनकाट्यावर नेऊन ट्रेलरचे वजन वजा करावे आणि बोट बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावे.

गैरसमज : तळ गुळगुळीत दिसतो, म्हणजे ठीक आहे.

वस्तुस्थिती : ट्रेलरवर चुकीच्या आधारांवर बराच काळ ठेवलेल्या बोटीचा तळ मागच्या भागात किंचित वाकतो. एका बाजूला आत गेलेला खळगा पडला, तर तो कायम खाली राहिलेल्या टॅबसारखा वागतो. ती बाजू उचलतो आणि दुसरी दाबतो. लांब सरळ पट्टी दोन्ही बाजूंना धरून पाहिल्यास हा फरक दिसतो.

गैरसमज : कारण काहीही असो, उलट बाजूला माणसे बसवली की बोट सुरक्षित.

वस्तुस्थिती : सर्वांत धोक्याचा समज हाच. छपरावर माणसे किंवा सामान चढले, की बोटीचा भार वर जातो आणि तिला सरळ उभे राहणेच जमत नाही. मग ती एका बाजूला कलून थांबते, थोड्या धक्क्याने दुसऱ्या बाजूला पडते. अशा वेळी उलट बाजूला वजन दिले, तर ती मधे न थांबता पलीकडे झोक घेते. 24 जुलै 1915 रोजी शिकागो नदीत 'ईस्टलँड' ही प्रवासी बोट धक्क्याला बांधलेली असतानाच आधी उजवीकडे कलली, टाक्यांत पाणी घेऊन सावरली गेली, नंतर डावीकडे कलत गेली आणि आडवी झाली. 844 जण गेले. मुळातच वरून जड असलेल्या या बोटीवर 'टायटॅनिक'नंतरच्या नियमांमुळे जास्तीच्या जीवरक्षक होड्या चढल्या होत्या. 30 सप्टेंबर 2009 रोजी केरळात थेक्कडीच्या तलावात 'जलकन्यका' ही दुमजली पर्यटक बोट उलटून 45 जण बुडाले. प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला धावल्याचे तेव्हा सांगितले गेले.

म्हणून क्रम असा ठेवावा. बोट उभी असताना कलते का? होय, तर आधी पाणी पाहा, मग सामान आणि इंधन. फक्त धावताना कलते का? वेग घटवून पाहा, मग दिशा बदलून पाहा. वेगाबरोबर कल घटला, तर पंखा, टॅब आणि तळ तपासा. दिशेबरोबर बाजू बदलली, तर वारा. आणि बोट कोणत्याही कारणाशिवाय कधी या, कधी त्या बाजूला पडत असेल, तर वेग हळूहळू कमी करा, छपरावरच्या माणसांना थोडे थोडे करून खाली आणा, सर्वांना मधोमध खाली बसवा, पाणी उपसा आणि जवळचा धक्का गाठा. अशा बोटीत कोणालाही पलीकडे सरकायला सांगू नका.