कायद्यापासून रॅम्पपर्यंत

1991 च्या जनगणनेत अपंगांची मोजदादच झाली नाही. 1981 मध्ये विचारलेला प्रश्न सरकारने गाळून टाकला होता. 2001 मध्ये तो परत आला, पण त्यासाठी अपंग हक्क कार्यकर्ते जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भांडावं लागलं. गेल्या तीस वर्षांत असंच होत आलंय. आधी रस्त्यावर उतरायचं नाहीतर कोर्टात जायचं, मग सरकार हलतं.

1995 च्या कायद्याने अपंगांना सरकारी नोकऱ्यांत 3 टक्के आरक्षण दिलं. पण हे टक्के एकूण रिक्त जागांवर काढायचे की अपंगांसाठी निवडून ठेवलेल्या मोजक्या पदांवर, यावर खात्यांनी इतकी वर्षं घोळ घातला की सर्वोच्च न्यायालयाला 2013 मध्ये सांगावं लागलं, एकूण जागांवरच. तोवर कितीजणांची वयोमर्यादा उलटून गेली असेल!

2007 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर शिक्कामोर्तब केलं. त्याला साजेसा कायदा यायला 2016 उजाडलं. अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, आरक्षण 4 टक्क्यांवर गेलं. कायदा चांगलाच आहे. खोट नियमांत राहिली. इमारती, बस, वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीची मानकं बंधनकारक न राहता शिफारशींसारखी उरली. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याने 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या प्रकरणात मानकांबाबतचा हा नियम कायद्याशी विसंगत ठरला, तोही नोव्हेंबर 2024 मध्ये.

ही पळवाट बघायला दिल्लीला जायला नको. मानकानुसार एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. आपल्याकडे कचेरीच्या तीन पायऱ्यांशेजारी पाच-सहा फुटांत सिमेंट ओतून घसरगुंडी करतात, तिच्या तोंडाशी मोटरसायकली लागतात आणि कागदावर ‘रॅम्प आहे’ अशी खूण होते.

महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातं काढलं, संजय गांधी निराधार योजनेतलं दिव्यांगांचं अनुदानही 2025 मध्ये दीड हजारावरून अडीच हजारांवर नेलं. याचं श्रेय सरकारला द्यायलाच हवं, त्यासाठी आंदोलन करणाऱ्यांनाही. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनचा वाटा मात्र 2012 पासून 300 रुपयांवर अडलेला. तोही दारिद्र्यरेषेखालच्या, 80 टक्के अपंगत्वाचा दाखला असलेल्यालाच. 79 टक्केवाल्याने काय करायचं?