मदरबोर्डाची कसोटी

सोनें कसास लावल्यावांचून घेऊं नये, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. परंतु सोयाबीनच्या पट्टीचे पैसे राखून मुलासाठीं संगणक जुळवून घेणारा पालक खोक्यावरील चित्र व मोठाले आकडे पाहूनच समाधान मानतो. म्हणून मदरबोर्ड कसास कसा लावावा, याचें थोडें विवेचन करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

हिशेब करण्याचें काम प्रोसेसरचें; मग तोच प्रोसेसर दोन निरनिराळ्या बोर्डांवर बसविला असतां भेद कां पडावा? याचें उत्तर विजेच्या पुरवठ्यांत आहे. बोर्डास १२ व्होल्टची वीज मिळते, प्रोसेसरास मात्र सुमारें १ व्होल्टच लागतो. दाब उतरविण्याचें हें काम बोर्डावरील एक विभाग करतो. दाब घटला म्हणजे तितक्याच शक्तीसाठीं प्रवाह वाढतो. १५० वॅटच्या कामास १ व्होल्टवर १५० अँपिअर लागतात. हा विभाग हलका असेल तर तो तापतो, आणि तापल्यावर बचावासाठीं प्रोसेसरचा वेग उतरविला जातो. पहिल्या मिनिटांत दोन्ही बोर्ड सारखेच दिसतात; अर्ध्या तासानें खरा भेद उघड होतो.

यास्तव प्रोसेसर, रॅम व पंखा तेच ठेवून केवळ बोर्ड बदलावा. प्रथम मेमटेस्ट८६ या प्रोग्रामनें रॅम निर्दोष आहे अशी खात्री करून घ्यावी. नंतर सिनेबेंचसारखा, चित्र घडवून गुण देणारा प्रोग्राम अर्धा तास अखंड चालवावा, आणि वेग व उष्णतामान वहींत टिपावें. असें तीन वेळां करून मधला आकडा घ्यावा. कित्येक बोर्ड प्रोसेसरच्या कर्त्यानें घातलेली शक्तीची मर्यादा आपण होऊन ओलांडतात व अधिक गुण मिळवितात. म्हणून दोहोंची मर्यादा आधीं सारखी करावी, नाहीं तर ती शर्यत न्यायाची होत नाहीं.

हवेचाही विचार केला पाहिजे. परीक्षक बहुधा २५ अंशांच्या थंड खोलींत बसलेला असतो. आपल्या धाराशिव, तुळजापूर, परंडा या भागांत वैशाखांत खोलींतील हवा ४० अंशांस टेकली, तर बोर्डाचे भागही सुमारें १५ अंशांनीं अधिक तापतात. तेथें ८५ अंश दाखविणारा भाग येथें १०० ला पोहोंचतो! म्हणून छापील आकड्यांत आपल्या उन्हाळ्याची भर घालूनच निर्णय करावा.

कागदावरचें बळ व कसोटीचें बळ यांतील अंतर मोठमोठ्या यंत्रांसही चुकलेलें नाहीं. पुण्याच्या ‘एका’ या महासंगणकाचें गणितानें निघणारें बळ सुमारें १७०.९ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदास १७०.९ लक्ष कोटी आकडेमोडी, इतकें होतें. परंतु लिनपॅक नांवाच्या कसोटींत, म्हणजे समीकरणांचा प्रचंड संच सोडवितांना, तें ११७.९ भरलें. तरीही नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादींत त्यास चौथा क्रमांक व आशियांत पहिला मान लाभला, आणि तो मोजलेल्या आकड्यावर लाभला, सांगितलेल्या नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, घरीं बोर्ड आणण्यापूर्वीं दुकानदारास तीन गोष्टी अवश्य विचारा: ही कसोटी किती वेळ चालविली, किती उष्ण हवेंत चालविली, आणि कोणत्या मर्यादेंत चालविली? उत्तर न मिळाल्यास घाई करूं नका. वडिलांच्या घामाचा पैसा आहे. तो कसास लागलेल्या वस्तूवरच खर्च झालेला बरा.