पाण्यावर चालणारी मोटार : दावा आणि वस्तुस्थिती

पेट्रोल-डिझेलचे दर वाढू लागले, की पाण्यावर मोटार चालविण्याचा शोध लागल्याची वार्ता हटकून कानी येते. प्रात्यक्षिक होते, छायाचित्रे छापून येतात आणि संशोधकास शासनाने साहाय्य करावे, अशी मागणीही होऊ लागते. अशा वेळी गावातील शिक्षकाचे वा सरपंचाचे मत विचारले जाते. काही ठिकाणी तर यंत्रासाठी आगाऊ रक्कमही मागितली जाते. म्हणून या दाव्यामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन जळून ऑक्सिजनशी संयोग पावला, की पाणी तयार होते. म्हणजे पाणी ही एका अर्थी हायड्रोजनची राखच होय. चुलीतील राख पुन्हा पेटत नाही, हे सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही. विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन परत मिळविता येतो, हे खरे. शाळेच्या प्रयोगशाळेतही ते दाखविता येते. परंतु जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढी तरी विघटनासाठी खर्चावी लागतेच.

प्रत्यक्षात ती अधिकच लागते. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे नऊ किलो पाणी आणि ५० ते ५५ युनिट वीज खर्ची पडते. तो हायड्रोजन जाळल्यास सुमारे ३९ युनिट एवढी उष्णता मिळते आणि मोटारीचे इंजिन तीपैकी जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा गतीत रूपांतरित करते. हाती उरतात दहा ते तेरा युनिट. त्यांतून गाडीही चालवावयाची आणि पुढील किलोसाठी पन्नास युनिट वीजही निर्माण करावयाची, असा हा हिशेब आहे. तो कोणत्याही सुधारणेने जुळणारा नाही.

अमेरिकेतील स्टॅन्ली मेयर यांनी असाच दावा करून गुंतवणूक मिळविली होती. १९९६ मध्ये ओहायो राज्यातील न्यायालयात तज्ज्ञांनी त्यांचे उपकरण तपासले, तेव्हा ते नेहमीचेच विद्युत्-विघटन असल्याचे आढळले. न्यायालयाने हा प्रकार फसवणुकीचा ठरवून दोघा गुंतवणूकदारांचे २५,००० डॉलर परत करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी तामिळनाडूत रामर पिळ्ळै यांनी पाणी व वनस्पतींपासून पेट्रोल बनविल्याचा दावा केला आणि देशभर कौतुक झाले. पुढे ‘वनस्पतिजन्य इंधन’ म्हणून विकल्या गेलेल्या द्रवाबद्दल खटला होऊन २०१६ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

काही प्रात्यक्षिकांत मात्र इंजिन खरोखर चालते. पाण्यात कॅल्शियम कार्बाइड टाकल्यास ॲसिटिलीन वायू निघतो. जुन्या कार्बाइडच्या दिव्यांत तोच जळत असे. येथे खर्च होते ते कार्बाइड आणि ते बनविण्यासाठी विजेच्या भट्टीत चुना व कोक सुमारे २००० अंश तापमानाला तापवावे लागतात. वाफेच्या इंजिनातही पाणी भरले जाई, पण जळत असे कोळसा. हायड्रोजनवरील बसगाड्यांचा या दाव्याशी संबंध जोडला जातो, तोही चुकीचा. त्यांचा हायड्रोजन अन्यत्र ऊर्जा खर्चून तयार केलेला असतो.

भारतीय पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३ नुसार प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेल्या शोधास पेटंट मिळू शकत नाही. तेव्हा प्रात्यक्षिक पाहण्याची पाळी आलीच, तर प्रथम बॅटरी काढून ठेवण्यास सांगावे, पाणी आपल्या विहिरीचे द्यावे, टाकी व नळ्या उघडून पाहाव्यात आणि इंजिन दहा मिनिटे नव्हे, दिवसभर चालवून दाखविण्याचा आग्रह धरावा.