प्रकाश परततो, म्हणून वस्तू दिसते

मुलांनो, रात्री दिवा मालवला की समोरचा पाट, तांब्या, भिंत सारे नाहीसे होते. वस्तू जागच्या जागी असतात, डोळेही उघडे असतात. मग उणे काय असते? प्रकाश.

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा भट्टीतून सुमारे १,५०० अंश उष्ण लोखंडाचा रस वाहू लागला की तो पाहण्यास दिवा लागत नाही. तो स्वयंप्रकाशी असतो. त्याच लोखंडाचे पोलाद होऊन रूळ बनला आणि निवला, तर अमावास्येच्या रात्री पायाला ठेच लागेपर्यंत तो कळत नाही. कंदील आणताच त्याचे किरण रुळावर आदळतात, तेथून उसळून आपल्या डोळ्यांत शिरतात आणि रूळ दिसतो. या उसळण्यास परावर्तन म्हणतात. चंद्राचा प्रकाशही असाच उसना. अंगावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा जेमतेम आठवा हिस्सा तो परत पाठवतो, तरी आपण त्याचे एवढे कौतुक करतो!

भिलाईतच मरोदा येथे कारखान्यासाठी पाणी साठवणारा तलाव आहे. वारा पडलेला असला की अशा पाण्यात चंद्र जसाच्या तसा उमटतो, कारण सपाट पृष्ठभागावरून किरण शिस्तीने परततात. झुळूक आली की त्याचे शंभर तुकडे होतात. काठावरचा खडबडीत दगड तर किरण चहूकडे विखुरतो. त्यात चंद्राचे प्रतिबिंब पडत नाही, पण दगड मात्र कोणत्याही बाजूने पाहता येतो. खडबडीतपणाचे हे केवढे उपकार! जगातील सगळ्या वस्तू आरशासारख्या गुळगुळीत असत्या, तर भिंतीत भिंत न दिसता केवळ दिवाच दिसला असता.

रात्रपाळीस सायकलवरून जाणाऱ्याचा तर जीवच या परावर्तनावर अवलंबून असतो. काळा सदरा बहुतेक प्रकाश गिळून टाकतो. मागून येणाऱ्या मोटारवाल्यास तो फार उशिरा दिसतो. म्हणून सायकलच्या मागच्या मडगार्डावर तांबडी चकती बसवतात. तिला ना वीज, ना तेल. तिच्या आत बारीक बारीक कोपरे असतात, जणू खोलीच्या दोन भिंती आणि जमीन जेथे मिळतात तसे. किरण त्या तिन्ही बाजूंवर आपटून आल्या वाटेने माघारी जातो, म्हणजे थेट मोटारवाल्याकडे. चकतीवर चिखल बसला, की ही किमया संपते.

आज रात्री वडिलांची सायकल अंधारात उभी करा. दहा पावलांवरून विजेरी कपाळाशी धरून चकतीवर प्रकाश टाका. ती निखाऱ्यासारखी झळकेल. आता आपण तेथेच उभे राहा आणि विजेरी भावाच्या हाती देऊन त्याला चार पावले बाजूला उभे करा. चकती मंदावलेली दिसेल. पण भावाला विचारा, तो म्हणेल, ‘लखलखते आहे!’