ठरलेला मुक्काम चुकतो तेव्हा: क्रूझचे प्रवासी, पालखी आणि आपण

मंडळी, बारामतीत समुद्र नाही आणि इंदापुरातही नाही. तरी आज आपण क्रूझच्या प्रवाशांबद्दल बोलणार आहोत. जहाज निघाल्यावर, कधी निघण्याच्या आदल्या दिवशी, कप्तानाची सूचना येते, की उद्याचं बंदर रद्द, त्याऐवजी दुसरीकडे जाऊ किंवा दिवसभर समुद्रातच राहू. मग लोक कसे वागतात, का चिडतात, काही जण अजिबात का चिडत नाहीत, हा प्रश्न आहे. आता याचा आपल्याशी काय संबंध, असं वाटेल. पण मुक्काम ठरलेले, तारखा ठरलेल्या, कुठे थांबायचं आणि कुठे जेवायचं तेही ठरलेलं, असा प्रवास आपल्याइतका कुणाला माहीत आहे? उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. ही यादी इथलं शाळकरी पोरसुद्धा म्हणून दाखवेल.

आधी जहाजाकडे जाऊ.

फेब्रुवारी २०२० मध्ये वेस्टरडॅम नावाचं जहाज हाँगकाँगहून निघालं. जहाजावर दोन हजारांहून जास्त माणसं होती. नवा विषाणू पसरत होता आणि कुठलंच बंदर या जहाजाला घ्यायला तयार होईना. फिलिपिन्स, तैवान, जपान, ग्वाम, थायलंड, सगळ्यांनी नाही म्हटलं. शेवटी १३ फेब्रुवारीला कंबोडियातल्या सिहानुकविल बंदरात ते लागलं आणि दुसऱ्या दिवशी प्रवासी उतरू लागले, तेव्हा त्या देशाचे पंतप्रधान हुन सेन फुलं घेऊन धक्क्यावर उभे होते. हे टोकाचं उदाहरण झालं. एरवीची कारणं साधी असतात. वारा वाढतो, धक्क्यावर जागा मिळत नाही, बंदरात संप असतो, इंजिनात बिघाड होतो, एखाद्या प्रवाशाला तातडीने रुग्णालयात न्यावं लागतं. काही ठिकाणी मोठं जहाज धक्क्याला लागतच नाही, लांब नांगर टाकून लहान बोटींनी लोकांना उतरवावं लागतं. आपल्याकडे लक्षद्वीपला तसं आहे. अशा ठिकाणी लाट जरा उंच झाली की बेट समोर दिसत असतं आणि उतरता येत नाही. तो प्रसंग सगळ्यात जास्त लागतो.

तिकिटाच्या अटी काय सांगतात? जवळजवळ सगळ्या क्रूझ कंपन्या त्यात लिहून ठेवतात, की बंदर बदलण्याचा, वगळण्याचा अधिकार आमचा. चुकलेल्या बंदराचे शुल्क-कर परत मिळतात, बाकी फारसं काही हातात पडत नाही. युरोपात पॅकेज सहलींचा कायदा थोडा प्रवाशाच्या बाजूने आहे. निघण्याआधीच सहलीत मोठा बदल केला, तर दंड न भरता करार मोडण्याची मुभा प्रवाशाला असते. पण एकदा जहाज सुटलं, की शब्द कप्तानाचा. आणि तो का त्याचा, हे नीट समजून घ्यायला हवं. समुद्रावरच्या जीविताच्या सुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, सोलास म्हणतात त्याला, त्यात स्पष्ट नियम आहे. सुरक्षेसाठी कप्तानाला जो निर्णय आवश्यक वाटेल, तो घेण्यापासून जहाजाचा मालक किंवा कंपनी त्याला अडवू शकत नाही. म्हणजे जो नाही म्हणणार, त्याला कायद्यानेच पाठबळ दिलंय. हे लक्षात ठेवा, शेवटाकडे आपल्याला लागणार आहे.

मग इतकं सगळं लिहिलेलं असताना लोक भडकतात का? एक कारण सगळ्यांना कळतं. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलं, की मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचं दुःख माणसाला जास्त जड जातं. बदली बंदर तितकंच सुंदर असलं, तरी ते वरकड वाटतं आणि चुकलेलं बंदर मात्र आपल्या खिशातून गेलेलं वाटतं. पण आमच्या मते हे अर्धंच उत्तर आहे. डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. कारण न सांगता ताटकळत ठेवलं तर वेळ लांबते, किती थांबायचंय हे ठाऊक नसलं तरी लांबते, असं त्यांचं म्हणणं. एसटी स्टँडवर बसलेल्या कुणालाही हे पटेल. गाडी तासभर उशिरा येणार असं कंट्रोलरने सांगितलं, तर माणूस चहा घेऊन येतो. काहीच सांगितलं नाही, तर तोच माणूस पंधराव्या मिनिटाला खिडकीवर हात आपटतो. जहाजावरही तेच. बंदर चुकल्याचा राग कमी असतो, 'त्यांना कालच ठाऊक होतं, आम्हाला आज सांगितलं' हा राग मोठा.

आणि प्रवाशांमध्येही फरक असतो. वर्षानुवर्षं क्रूझ करणारे बरेच जण म्हणतात, आम्हाला जहाजावर राहायला मिळालं, झालं. त्यांच्या दृष्टीने जहाज हेच ठिकाण. पहिल्यांदा आलेला, किंवा ज्याचे आजोबा त्या गावचे होते म्हणून ते गाव पाहायला आलेला, त्याच्यासाठी बंदर हेच सर्वस्व. एकाच सूचनेने एकाचा प्रवास जसाच्या तसा राहतो, दुसऱ्याचा संपतो. प्रवासाचा गाभा कुठे आहे, वाटेत की मुक्कामावर, यावर सगळं ठरतं.

इथून आता आपल्या रस्त्यावर येऊ.

तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला. देहूचं संस्थान दर वर्षी मुक्कामांचं वेळापत्रक आधीच जाहीर करतं. आता गंमत बघा. वेळापत्रक दर वर्षी तंतोतंत सारखं नसतं. तिथीची वृद्धी झाली, क्षय झाला, की एखादा मुक्काम वाढतो किंवा गळतो. अंथुर्ण्याला पालखी काही वर्षी मुक्कामाला असते, काही वर्षी नुसती पुढे जाते. अंथुर्णेकरांना वाईट वाटत नसेल असं नाही, पण त्यावरून कुणी कप्तानाच्या नावाने ओरडत नाही. का? नियम आधीपासून ठाऊक आहे, तो पंचांगाचा आहे, कुणाच्या सोयीचा नाही, आणि बातमी वेळेत येते. बदल माणसं पचवतात. कुणी बदलला, का बदलला आणि कधी सांगितलं, यावर ते पचणं अवलंबून असतं.

२०२० साली मात्र पंचांगाने काही बदललं नव्हतं. २९ मे रोजी पुण्यात बैठक झाली आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी जाहीर केलं, की पायी सोहळा होणार नाही. पादुका हेलिकॉप्टरने, विमानाने किंवा बसने पंढरीला जातील, नेमकं कशाने ते त्या वेळची परिस्थिती पाहून ठरेल. प्रस्थान जेमतेम दोन आठवड्यांवर होतं. १२ जूनला देहूत मोजक्या लोकांत प्रस्थान झालं, पादुका देहूतच राहिल्या आणि दशमीला, ३० जूनला, एसटी बसने एका दिवसात पंढरपूरला पोहोचल्या. एकादशी १ जुलैची. सतरा-अठरा दिवसांची वाट एका दिवसात उरकली.

लोक काय म्हणाले? बहुतेकांनी मान्य केलं. इथे बारामतीत एप्रिलमध्येच भिलवाडा पॅटर्न लागू झाला होता, घराबाहेर पडणं बंद होतं, त्यामुळे कारण कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पण २०२१ ला जेव्हा पुन्हा तेच, मानाच्या दहा पालख्या प्रत्येकी दोन बसने, असं ठरलं, तेव्हा नाराजी जाहीरपणे बाहेर आली. बंडातात्या कराडकर पायी वारीचा आग्रह धरून निघाले आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. त्यांचं बरोबर की सरकारचं, हा वाद आज उकरायचा नाही. आमचं मत विचाराल तर, साथीचा विचार करता बसचा निर्णय योग्य होता. पण त्यांची तक्रार नेमकी काय होती ते पाहा. पादुका पोहोचत होत्या, एकादशी होत होती, विठ्ठलाचं दर्शन बंद म्हणून जेवढं चुकायचं तेवढं चुकलंच होतं. तक्रार चालण्याबद्दल होती. वारकऱ्याला पंढरपूर नुसतं गाठायचं असतं तर तो एरवीही एसटीनेच गेला असता. चालणं हीच त्याची वारी. जुन्या क्रूझवाल्यासारखाच तो, वाट हेच ठिकाण मानणारा. म्हणून 'शेवटी पोहोचलात ना' हे उत्तर त्याच्या कामाचं नव्हतं. २०२१ ला वाखरीपासून थोडं अंतर पायी जायची मुभा दिली गेली, ती एवढ्याचसाठी. दीड किलोमीटर म्हणजे वारी नव्हे. पण नेमकं काय हिरावलं गेलंय ते ओळखून दिलेली ती भरपाई होती.

आता आमचा खरा मुद्दा. क्रूझचा मार्ग बदलला, की सगळी चर्चा प्रवाशांची होते. त्या दिवशी ज्या बंदरात जहाज येणार होतं, तिथला रिक्षावाला, बोटवाला, खानावळवाली यांना कुणी विचारतं का? आणि मंडळी, या गोष्टीत आपण प्रवासी नाही, आपण बंदर आहोत. बारामतीचं शारदा प्रांगण त्या दोन वर्षी पालखीविना राहिलं. काटेवाडीत परीट समाजाच्या धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात, मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीला या सोहळ्याचं पहिलं गोल रिंगण, मग इंदापूरचं. सराटीला नीरेत पादुकांना स्नान घालतात आणि मग पालखी अकलूजच्या वाटेने सोलापूर जिल्ह्यात जाते. यातली एकही गोष्ट बसमधून होत नाही. बस बेलवाडीला थांबवून अश्व पळवता येत नाही. ज्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तीच दिंडी उतरते, तिथल्या माउलीचं त्या वर्षी काय चुकलं? तिला पंढरीला जायचंच नव्हतं. पंढरी वर्षातून एकदा तिच्या ओट्यावर येते, ती आली नाही. पोट भरणाऱ्यांचंही तेच. चहावाला, चपला शिवणारा, पेरू विकणारा, यांच्या हिशेबात ते दोन दिवस असतात. बैठकीत संस्थानं होती, प्रशासन होतं. वाटेवरची गावं वेगळी म्हणून कुठे नव्हती. दोष देत नाही आम्ही, जगभर असंच चालतं. मार्ग आखताना बंदराला विचारतात, बदलताना नाही.

याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय थांबता येणार नाही. इंदापूरला समुद्र नसला तरी उजनीचं पाणी आहे. पलीकडे करमाळा तालुका. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, म्हणून लोक बोटीने जातात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला, एक जण पोहून काठाला लागला. त्या पाण्यावर न निघण्याचा, परत फिरण्याचा निर्णय कुणी घ्यायचा, कशावरून घ्यायचा? वाऱ्याचा अंदाज बोटीपर्यंत कोण पोहोचवतो? मघाशी सोलासचा नियम सांगितला तो यासाठी. मोठ्या जहाजावर तीन हजार माणसं चिडलेली असताना 'नाही' म्हणणाऱ्याच्या मागे कायदा उभा असतो. गावच्या बोटीवर घाईत असलेल्या चार ओळखीच्या माणसांना नाही म्हणणं त्याहून अवघड, आणि मागे कुणीच नाही. धक्क्यावर एक फलक, वाऱ्याची एक मर्यादा, तिच्यापुढे बोट सुटणार नाही एवढा एक साधा नियम, जो पंचांगासारखा सगळ्यांना आधीच माहीत असेल. मग उतारू चिडेल, पण बोटवाल्यावर नाही.

२०२२ साली २० जूनला देहूहून पालखी पायी निघाली. दोन वर्षांनी बेलवाडीच्या रिंगणात अश्व धावले. प्रश्न असतील तर घेऊ आता, मागे बसलेल्यांनी जरा पुढे या.