कोई मासे तळ्यात सोडण्यापूर्वी

काचेच्या हौदात वाढविलेले जपानी कोई मासे मोठे झाले, म्हणजे ते शेततळ्यात सोडावे असे कोणासही वाटते. निलंग्यास आम्हीही तसेच केले. महिनाभरात तळ्यातील रोहू-कटला काठास अंग घासू लागले. धरून पाहतो तो खवल्यांवर चपट्या उवा!

नवी म्हैस आणिली तर ती आपण काही दिवस निराळी बांधतो. मासळीस तोच न्याय लावावा. वेगळ्या हौदात निदान ४ आठवडे मासे ठेवावे. जाळे व बादलीही निराळी असावी. उवा मासा सोडून हौदाच्या भिंतीस अंडी चिकटवितात व ती फुटण्यास दोन-तीन आठवडे लागतात. सबब चिमट्याने उवा काढून आठव्या दिवशी मासे सोडणे फसवे होय.

कोई हा सायप्रिनसाचाच शोभिवंत वंश. १९९८ साली इस्रायलातील तळ्यांत ज्या विषाणूने हे दोन्ही मासे मेले, तो १८ ते २८ अंशांच्या पाण्यात जोर करितो. ३० अंशांवर दबून राहतो. तेव्हा वैशाखात निरोगी दिसलेला मासा मार्गशीर्षात दगा देऊ शकतो. तळ्यात सायप्रिनस असेल तर कोई सोडूच नयेत, असे आमचे मत आहे. हौदाचे पाणी मात्र झाडांस घालावे, ओढ्यात सोडू नये.